डाल आडनावाची माणसं

नॉर्वेत डाल आडनावाच्या माणसाला "तुम्ही त्या अमक्या डालांचे कोण?" असं विचारण्यात काही अर्थ नाही, बहुतेक वेळा उत्तर "कोणीच नाही" असंच येणार. देश अख्खा डोंगरदऱ्यांचा, दरीला तिकडे डाल म्हणतात, मग दरीतल्या शेताचं नाव डाल आणि त्या शेतावर राहणारी माणसंही डाल. अशी शेतं प्रत्येक खोऱ्यात असणारच, त्यामुळे एकमेकांचं तोंडही न बघितलेले कितीतरी डाल त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेत.

बरं, जुन्या काळी हे आडनाव म्हणजे पत्ताच होता. बापाचं नाव हान्स म्हणून पोरगा हान्सेन, आणि राहतो कुठे, तर डालवर. आपल्याकडचा नाशिककर चार पिढ्या मुंबईत काढूनही नाशिककरच राहतो, तिथे मात्र माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की जुनं नाव सोडून सरळ नव्या शेताचं नाव लावायचा. शेवटी १९२३ साली कायदा आला की आता घराण्याला एक कायमचं आडनाव हवं. डालच्या Dahl या स्पेलिंगमध्ये मध्येच जो एच दिसतो ना, तो जुन्या डेनिश वळणाचा. १८१४ पर्यंत नॉर्वेचा कारभार डेन्मार्ककडून चालायचा, लिहिण्याची भाषाही तीच. आता दरी लिहिताना नॉर्वेची माणसं तो एच वापरत नाहीत, आडनावात मात्र तो ठाण मांडून बसलाय.

पण हे आडनाव जगाला माहीत झालं ते एका माणसामुळे, आणि माझी थोडी तक्रार तिथेच आहे. डाल म्हटलं की सगळ्यांना रोआल्ड डालच आठवतो, मुलांच्या गोष्टी लिहिणारा, चार्लीवाला, चॉकलेटच्या कारखान्यावाला. वाईट काय त्यात, मलाही आवडतो तो, त्या पुस्तकात पाँडिचेरीचा राजपुत्र चॉकलेटचा महाल बांधून घेतो आणि उन्हात तो महाल वितळून जातो, हे वाचून कुठल्या भारतीय पोराला हसू आलं नसेल! (मोठेपणी ज्यूंबद्दल तो जाहीरपणे जे बोलला ते मात्र ओंगळ होतं, २०२० मध्ये घरच्यांनाच त्याबद्दल माफी मागावी लागली.) पण हा सगळ्यात प्रसिद्ध डाल जन्मला वेल्समध्ये, कार्डिफजवळ, १९१६ साली, आणि नॉर्वेत कधी कायमचा राहिलाच नाही, सुट्टीला तेवढा जायचा. नाव ठेवलं ते रोआल्ड आमुन्सेनवरून, जो १९११ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला होता.

मला त्याच्यापेक्षा त्याचा बाप जास्त भावतो. हॅराल्ड डाल, सार्प्सबोर्ग गावचा. चौदाव्या वर्षी छपराची कौलं बसवताना खाली पडला आणि डावा हात कोपराजवळ मोडला, डॉक्टर आला तो दारू पिऊन, त्याला वाटलं खांदा निखळलाय, म्हणून त्याने लोकांना तो हात ओढायला लावला, आणि शेवटी हात कापायची वेळ आली. असा एका हाताचा पोरगा पुढे परदेशात गेला आणि कार्डिफला भागीदारीत जहाजांना माल पुरवायचा धंदा त्याने उत्तम चालवला, एका काट्याच्या कडेला धार लावून घेतली म्हणजे सुरी आणि काटा एकातच. म्हणायचा की एका हाताची अडचण एकच, उकडलेल्या अंड्याचं टोक कापता येत नाही. हे पोराने स्वतःच्या बालपणावर लिहिताना सांगितलंय, त्यामुळे मीठमसाला किती ते तोच जाणे, पण बाप डोळ्यांसमोर उभा राहतो हे खरं.

आता दुसरा डाल. योहान क्रिस्तियान डाल, चित्रकार, १७८८ साली बर्गनमध्ये एका कोळ्याच्या घरात जन्मला. शिकायला कोपनहेगनला गेला, तिथून ड्रेस्डेनला, आणि मग जन्मभर जर्मनीतच राहिला. कास्पार डेव्हिड फ्रिडरिक माहितीये ना, तो धुक्याकडे पाठमोरा बघणाऱ्या माणसाच्या चित्रावाला, तर हे दोघं ड्रेस्डेनमध्ये एल्बे नदीकाठी एकाच घरात राहायचे, वर-खाली. फ्रिडरिकची चित्रं कशी शांत, जवळजवळ अबोल असतात, आणि डालच्या चित्रात मात्र ढग धावतायत, झाडं वाकलीयेत, धबधबा कोसळतोय, व्हेसुव्हियस आग ओकतोय. वादळातलं बर्चचं झाड त्याने १८४९ मध्ये काढलं, कड्यावर एकटंच, फांद्या एका बाजूला उडालेल्या. नॉर्वेचा निसर्ग चित्रात मोठा केला तो या माणसाने, आणि तेही ड्रेस्डेनमध्ये बसून, मध्ये मध्ये मायदेशी चक्कर मारून, स्केचेस करून आणून.

या चक्करांमध्येच त्याला एक वेड लागलं, लाकडी चर्चचं. नॉर्वेत मध्ययुगातली लाकडी चर्च आहेत, डांबर फासून काळी झालेली, छपरांच्या टोकांना ड्रॅगनची तोंडं. गावोगाव ती पाडली जात होती कारण लोकांना मोठी जागा हवी होती आणि जुन्याचं कौतुक करायला वेळ कोणाला असतो. डालने १८३७ मध्ये या चर्चवर चक्क पुस्तक काढलं, आणि १८४१ मध्ये वांग गावचं चर्च विकायला निघालं तेव्हा प्रशियाच्या राजाच्या पैशाने ते विकत घेऊन टाकलं. सगळं सुटं करून बर्लिनला नेलं, तिथून सिलेशियाच्या डोंगरात, आणि १८४४ पर्यंत ते पुन्हा उभं राहिलं. आज ते गाव पोलंडमध्ये आहे, कार्पाच नावाचं, आणि टुरिस्टांची तिथे रीघ असते. म्हणजे नॉर्वेचं चर्च, जर्मन राजाचा पैसा, पोलंडचा डोंगर, आणि मध्ये एक डाल.

आणि गंमत बघा, कार्डिफच्या बंदरावर नॉर्वेच्या खलाशांसाठी १८६८ मध्ये बांधलेलं एक पांढरं लाकडी चर्च होतं. रोआल्डचा बाप्तिस्मा तिथलाच. पुढे खलाशी येईनासे झाले, चर्च पडायला आलं, तेव्हा १९८७ मध्ये ते वाचवायला ट्रस्ट झाला आणि अध्यक्ष कोण, तर रोआल्ड डाल. तेही सुटं केलं, जवळच दुसऱ्या जागी जोडलं, १९९२ ला उघडलं, तोपर्यंत रोआल्ड जाऊन दीड वर्ष झालं होतं. तर दोन डाल, एकमेकांचे कोणीच नाहीत, दोघांच्या जन्मांत सव्वाशेएक वर्षांचं अंतर, आणि दोघांनीही नॉर्वेबाहेर एकेक लाकडी चर्च उभं ठेवायला हातभार लावला. मला यातून काही सिद्ध करायचं नाहीये, पण हे कळल्यावर मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली एवढं खरं.

बाकीचे डाल पटकन सांगून टाकते. हान्स डाल नावाचा आणखी एक चित्रकार होता, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठावर हसऱ्या गुटगुटीत मुली काढायचा, जर्मन कैसरला, म्हणजे सम्राटाला, फार आवडायचा आणि समीक्षकांना अजिबात नाही, मी समीक्षकांच्या बाजूने. अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन घरांतून आर्लीन डाल ही हॉलिवूडची नटी आली आणि रॉबर्ट डाल आला, लोकशाहीत सत्ता खरी कोणाच्या हातात असते यावर जन्मभर डोकं लावलेला, आपल्याकडे राज्यशास्त्र घेऊन यूपीएससी करणाऱ्यांनी पॉलीआर्की (म्हणजे सत्ता एकाच्या नाही, अनेकांच्या हातात असणं) पाठ केलेली असते ती त्याचीच. आपल्या बागेतल्या डेलियाला ज्याचं नाव दिलंय तो आंदेर्स डाल मात्र स्वीडनचा, त्याला या पंगतीत बसवता येत नाही.

आणि आता माझा डाल. ओले-योहान डाल, १९३१ साली मांडाल या गावात जन्मला. हा नॉर्वेतच राहिला, ऑस्लोत. साठच्या दशकात तो आणि क्रिस्तेन निगोर असे दोघं ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युला नावाची प्रोग्रामिंग लँग्वेज करत होते. रांगा, बंदरं, कारखाने अशा गोष्टी कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या होत्या, म्हणजे जहाज आलं, थांबलं, माल उतरवला, गेलं. त्यांना वाटलं की प्रत्येक जहाजाला प्रोग्राममध्ये स्वतःची माहिती आणि स्वतःची वागणूक असली तर किती सोपं होईल. त्यातून सिम्युला ६७ मध्ये क्लास आला, म्हणजे जहाजाचा साचा, ऑब्जेक्ट आला, म्हणजे त्या साच्यातून निघालेलं एकेक जहाज, आणि इनहेरिटन्स आलं, म्हणजे एका साच्याचे गुण दुसऱ्याला वारशाने. सी प्लस प्लस ही लँग्वेज करणाऱ्याने आधी सिम्युला वापरली होती, पुढे जावा ही आणखी एक लँग्वेज आली, आणि हिंजवडीपासून खराडीपर्यंत हजारो माणसं सकाळी लॅपटॉप उघडून पहिला शब्द टाइप करतात तो क्लास. माझंही पोट त्यावरच चालतं, आणि कॉलेजच्या पुस्तकात या माणसाचं नाव एकदाही आलं नाही!

डाल शांत, चेंबर म्युझिकचा शौकीन, निगोर बोलका आणि राजकारणातला, युरोपियन युनियनमध्ये जायला विरोध करणाऱ्यांचा पुढारी. पण कामाला बसले की दोघंही सारखेच. १९६७ मधला किस्सा निगोरनेच सांगितलाय, ऑफिसात नवीन लागलेलं कोणीतरी घाबरून ऑपरेटरबाईंकडे आलं की वरच्या कॉरिडॉरमध्ये फळ्यासमोर दोन माणसं हाणामारीवर आलीयेत, काय करायचं. बाईंनी दोन सेकंद कान दिला आणि म्हणाल्या, काही नाही, डाल आणि निगोर सिम्युलावर बोलतायत.

दोघांना मिळून २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, कॉम्प्युटरवाल्यांचं नोबेलच म्हणा. २००२ च्या जूनमध्ये डाल गेला आणि ऑगस्टमध्ये निगोर. ऑस्लो विद्यापीठातल्या कॉम्प्युटरच्या दोन इमारतींना आता या दोघांची नावं आहेत, शेजारीशेजारी. डालच्या इमारतीवर पूर्ण नाव लिहिलंय, ओले-योहान डालचं घर, आणि बरं केलं, नुसतं डालचं घर लिहिलं असतं तर निम्म्या नॉर्वेला ते आपलंच वाटलं असतं.