तुम्ही विचारलंत म्हणून: उतरायची वेळ

कोथरुडात आमच्या सोसायटीच्या जिन्यात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न तोच: "एकटीनं परदेशी जाताना भीती नाही वाटत हो?"

वाटते ना. पण सगळ्या प्रवासभर नाही. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यापासून खोलीला आतून कडी लागेपर्यंतच खरी भीती. म्हणून तिकीट काढताना मी आधी उतरायची वेळ बघते, भाव नंतर. रात्री दीडला नवख्या गावात सोडणारं विमान कितीही स्वस्त असो, नको. वाचलेले पैसे त्या वेळच्या टॅक्सीत जातात आणि वर जिवाला घोर. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटून सकाळी युरोपात पोचणारी विमानं आपल्याला सोयीची. संध्याकाळीच पुणं सोडायचं, म्हणजे घाटात गाडी अडकली तरी रक्तदाब वाढत नाही.

पहिल्या रात्रीचं हॉटेल स्टेशनाजवळचं, रात्रभर रिसेप्शनला माणूस असणारं. नंतर हवं तर स्वस्तात राहा. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर छापून घ्या. जपानमध्ये किंवा थायलंडमध्ये फोनची बॅटरी संपली, तर टॅक्सीवाल्याला तोच कागद दाखवायचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. आणि दाराखाली सारायची रबरी पाचर बरोबर असू द्या. मला बोहरी आळीत मिळाली. कुलूप कसलंही असो, ती लावली की झोप लागते.

आता आपली खास अडचण: फराळ. दुबईच्या भाचीसाठी अनारसे नेणाऱ्या मावश्यांनो, त्यांच्यावर खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही आहे. करंजीच्या सारणातही आपण ती सढळ हातानं घालतो. "थोडीशीच तर आहे" हे आपलं लाडकं वाक्य तिथल्या कस्टमवाल्याला सांगून उपयोग नाही. चिवडा करा, तोही बिनखसखशीचा. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहून टाका. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्याला दंड बसतो.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. अमिरातीत तीच नियंत्रित यादीत आहेत, आधी परवानगी काढावी लागते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासकट चिठ्ठी घ्या, नुसत्या ब्रँडच्या नावावरून तिथे कुणाला काही कळत नाही.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच, त्यामुळे तो सगळ्याच काढतात. मात्र त्याचा मदतीचा नंबर ईमेलमध्ये पडून राहतो. तो पासपोर्टच्या कव्हरात ठेवा, शेजारी ११२ हा आणीबाणीचा नंबर लिहा. युरोपीय संघात कुठेही तो लागतो, फुकट.

शेवटचा प्रश्न बायका नेहमी हळू आवाजात विचारतात: पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? मैत्रिणीच्या पर्समधली घेऊ नका. लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, यातल्या काही गोळ्यांनी तो वाढू शकतो. कुणाला कोणती चालेल ते आपल्या डॉक्टरीणबाई ठरवतील; निघायच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी विचारा.