डावीकडची मुलगी

९ सप्टेंबर, नंदुरबार. रात्रीचे साडेअकरा.

सकाळी मुलांना घेऊन शिरीषकुमारच्या स्मारकाला जाऊन आले. दरवर्षी जातो. हार, घोषणा, दोन भाषणं, मग परत शाळा. यंदा रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, त्या दिवशी शाळा होती का?"

मला सांगता आलं नाही. १९ वर्षं चित्रकला शिकवतेय इथे. 'चले जाव'ला बरोबर महिना झाला होता, १९४२ साल, 'नहीं नमशे, नहीं नमशे'ची घोषणा, शिरीषकुमारचं वय १५, त्याच्यासोबत पोलिसांच्या गोळीबारात पडलेले लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम... सगळं तोंडपाठ. पण त्या दिवशी घरात बसलेली मुलं काय करत होती, हे कधी मनातही आलं नव्हतं.

तो प्रश्न डोक्यात घेऊनच घरी आले आणि 'पर्सेपोलिस' पुन्हा काढलं. मर्जान सत्रापीने स्वतःचं लहानपण चित्रांत सांगितलंय ते. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, शाह देश सोडून गेला, तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची. मूळ फ्रेंचमध्ये चार भागांत आलं, २००० ते २००३. माझ्याकडची इंग्रजी प्रत आता कण्यापाशी सुटायला लागलीय. तिचं पहिलंच पान मी कितीदा बघितलं असेल. शाळेत डोक्यावर कापड सक्तीचं झालंय, चार मुली हाताची घडी घालून ओळीने बसल्यात, वर्गाचा फोटो. आणि जिची ही गोष्ट आहे ती मुलगी? ती सगळ्यात डावीकडे, चौकटीने कापलेली. जेमतेम एक कड दिसते तिची. पुढे त्याच पोरी डोक्यावरचं कापड काढून त्याची दोरी करून उड्या मारतात. क्रांतीवर जाडजूड पुस्तकं निघाली असतील, पण पोरींनी त्या कापडाचं काय केलं हे कुठल्या इतिहासकाराला दिसणार?

दिसतं ते त्या मुलीला. तिचा काका तुरुंगात पावाच्या लगद्याचा हंस करतो आणि तिला देतो. शेवटच्या भेटीत दुसरा हंस देतो. मग फाशीची बातमी येते आणि ती मुलगी काळ्याभोर आकाशात एकटी तरंगत राहते. सत्रापीचं काम फक्त काळ्या-पांढऱ्यात आहे, मधली करडी छटा नाही. मला चित्रकार म्हणून याचं फार वाटतं. मुलांना मधली छटा ठाऊक नसते. इराकशी युद्ध सुरू झाल्यावरचं एक पान आहे. वरच्या चौकटीत सुरुंगांच्या शेतात उडालेली पोरं, नुसत्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. शाळेत वाटलेल्या सोनेरी रंगाच्या प्लॅस्टिकच्या किल्ल्या त्या, स्वर्गाचं दार उघडायला. आणि खालच्या चौकटीत तीच मुलगी, मर्जी म्हणजे मर्जान, आयुष्यातल्या पहिल्या पार्टीत नाचतेय, अंगात आईने मुद्दाम भोकं ठेवून विणलेलं स्वेटर. दोन्ही चौकटींत शरीरं हवेत, हातपाय तसेच फेकलेले. लिहून सांगायचं तर आधी एक सांगावं लागतं, मग दुसरं. चित्रात दोन्ही एकाच वेळी डोळ्यांवर येतात. हे पान बघताना मला दरवेळी रडू येतं, आजही आलं.

"काय व, कसाले रडी राह्यनी?" मोठी माय, माझी आजी, खाटेवरून म्हणाली.

तिला किल्ल्यांचं सांगितलं. ती गप्प झाली. मग मीच विचारलं, त्या दिवशी तू काय करत होतीस? आजवर मी तिला 'काय झालं' एवढंच विचारत आले आणि ती पुस्तकात आहे तेच सांगत आली. सात वर्षांची होती ती, आता नव्वदीला टेकलीय. बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली.

तिची आई तव्यावर भाकर टाकत होती. थोरला भाऊ बाहेर. गल्लीतून माणसं धावत आली, आईने उठून दाराला अडसर घातला आणि तव्यावरची भाकर तशीच जळाली. भाऊ अंधार पडल्यावर मागच्या भिंतीवरून उडी टाकून आला, धडधाकट. रात्री घरात कुणीच जेवलं नाही. हिच्या मात्र पोटात भूक. सगळे निजल्यावर हिने चुलीपाशी पडलेली ती जळकी भाकर उचलली आणि मिठाशी खाल्ली.

"गावना पोऱ्या मरी ग्यात, आनि मी भाकर खादी," ती म्हणाली.

ऐंशीहून जास्त वर्षं झाली. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, कुणाला हे बोलली नव्हती.

मला त्या क्षणी सत्रापीचीच पानं आठवली. एका मुलाचा बाप शाहच्या गुप्त पोलिसांत होता म्हणून मर्जी आणि तिच्या दोस्तांनी बोटांच्या फटींत खिळे धरून त्याला मारायला जायचं ठरवलं होतं. मोठी झाल्यावर तर स्वतः सुटायला म्हणून एका निरपराध माणसाकडे तिने पहारेकऱ्यांसमोर बोट दाखवलं, आणि तिच्यावर जिवापाड माया करणारी आजी, जिच्या कपड्यांतून चमेलीची फुलं गळायची, ती तिच्यावर भयंकर संतापली. हे सगळं तिने स्वतःच काढलंय, काही लपवलं नाही. म्हणून तर मी तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवते. स्मारकापुढच्या भाषणांत कुणाला भूक लागत नाही. लागली होती, हे कुणीतरी सांगायला हवं की नाही?

असं काम आपल्याकडेही होऊ शकतं. २०११ साली आलेल्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं आयुष्य गोंड चित्रांत काढलं, चौकटींच्या जागी आपली वळणदार नक्षी घातली. खानदेशाचं मात्र माझ्या कपाटात काही नाही.

झोप येत नाहीये.

१४ सप्टेंबर, रविवार.

चार दिवस शाळेतून आल्यावर तेच एक पान करतेय. काळी शाई, कार्ट्रिज कागद. चूल, तवा, कडेने काळी पडलेली भाकर, अडसर घातलेलं दार, आणि चुलीपाशी दोन वेण्यांची मुलगी हातात भाकर धरून. वेण्या बऱ्या जमल्या होत्या. दुपारी मोठ्या मायच्या खाटेवर नेऊन ठेवलं. चष्मा लावून तिने आधी चूल बघितली, उंबरठा उंच होता म्हणाली, तव्याला कान नव्हते म्हणाली. मग त्या मुलीवर बोट ठेवलं.

"मी आठे नही व्हतू, माय. मी कनगीमांगे व्हतू. कोनले दिसाले नको म्हनीसन."

मुलगी पांढऱ्या रंगाने झाकून टाकली. डाव्या कडेला छतापर्यंत कणगी काढली, शेणाने लिंपलेली. आता तिच्या मागून फक्त पायाची बोटं दिसतात.