तुम्ही विचारलंत म्हणून: बेइराचं ग्रँड हॉटेल

मोझांबिकमध्ये बेइराला राहतो म्हटलं की पुण्याहून प्रश्न ठरलेला: "एवढी देखणी वास्तू! त्या लोकांना हटवून ग्रँड हॉटेल नीट का करत नाहीत?"

पडक्या हॉटेलात घुसून राहिलेल्या गरीब कुटुंबांचे फोटो तुम्ही पाहिलेत, म्हणून वर्णन करत नाही. फक्त साल बघा. पोर्तुगीजांनी १९५५च्या सुमारास ते थाटात उघडलं आणि १९६३ला त्यांच्याच अमदानीत बंद केलं. गिऱ्हाईकच नव्हतं. यादवी युद्धात जीव वाचवून आलेली माणसं आत शिरली ती नंतर. म्हणजे गरिबांनी हॉटेल बुडवलं, हे बोलूच नका.

हो, लाकडी फरशा चुलीत गेल्या, लोखंड भंगारात गेलं. नवा होतो तेव्हा मीही यावरून तावातावाने भांडायचो.

मग मार्च २०१९मध्ये इदाई वादळ आलं. आमच्या घरचे पत्रे उडाले, फोन बंद. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई त्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. पाऊस थोडा ओसरल्यावर शोधायला गेलो. भर दुपारी आत काळोख. जिन्याला कठडा नाही. भिंत चाचपत वर चढलो. बाई सुखरूप होत्या. एका खोलीत त्यांचं बिऱ्हाड आणि प्राइया नोव्हाच्या झोपड्यांतून आलेले बहिणीकडचे सगळे. तिथली घरं भुईसपाट झाली होती. इथलं काँक्रीट टिकलं.

"पात्रांव (म्हणजे मालक), तुमचं छप्पर राहिलं का?"

"नाही."

"मग इकडेच या."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्याच खोलीत स्लॅबच्या उघड्या सळ्यांवरून पाणी गादीवर ठिबकत होतं. बहिणीच्या रांगत्या पोराच्या पायाला फडक्याची दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवलेली. का, ते बाहेर पडताना कळलं. बोळाच्या टोकाला लिफ्टचा खड्डा, त्याला दार नाही.

आता सांगा, "राहू द्या त्यांना" म्हणू? त्या खोलीत मी एक रात्र काढणार नाही. मग "हटवा" म्हणू? हटवून कुठे, हे विचारल्यावर तुम्ही फोनवर विषय बदलता. आणि नीट करून तिथे उतरणार कोण? नव्या कोऱ्या इमारतीलाही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, हे परत सांगायला लावू नका.

बाई हल्ली शहराबाहेर दोन खोल्या बांधतायत. थोडे पैसे मी दिले, हॉटेल सोडाल या अटीवर. त्या हो म्हणाल्या. आता म्हणतात, खोली मुलाला ठेवणार, त्याला बंदरावर काम मिळालंय आणि तिथून चालत जाता येतं. मी चिडलो. मग हिशेब केला, तर त्या पगारात शहरात भाड्याने खोली बसेना. तरी तो लिफ्टचा खड्डा आठवला की पुन्हा चिडतो.