टायपिंगच्या टेबलावरून लॉ कॉलेजात

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करते. अकरा वर्षं दावे, कैफियती, पुरसिशी, मुदतीचे अर्ज टाइप केले. कायदा शिकावा असं मनात होतं, पण तीन वर्षांच्या एलएल.बी.ला तिशीची अट आहे असंच मी धरून चालले होते. एकदा साहेबच म्हणाले, "ताई, त्या अटीला सुप्रीम कोर्टानं २०१७ सालीच स्थगिती दिलीय. तुम्ही सीईटी द्या." तेव्हा मी सदतीस वर्षांची होते.

हे नोव्हेंबर २०२२ मधलं. मे २०२३ च्या सीईटीला दीडशे प्रश्न होते आणि वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. कायदेविषयक कल ३०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ४०, तर्क ३० आणि इंग्रजी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. इंग्रजीचा भाग सोडला तर बाकीचे प्रश्न मराठीतही वाचता येतात. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे हे कळल्यावर फार धीर आला. (नंतरच्या वर्षी प्रश्नांची संख्या कमी झाली, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचाच.)

पहाटे पावणेपाच ते साडेसहा एवढाच वेळ हक्काचा. मुलगी आठवीत होती, ती उठली की डबा, पाणी, शाळा. कायद्याचा भाग मला सोपा जाईल असं साहेबांना वाटत होतं आणि मलाही. झालं उलटंच. या भागात आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग घटना, आणि दिलेलं तत्त्व लावूनच उत्तर काढायचं असतं. एका सराव पेपरातला प्रश्न अजून लक्षात आहे. तत्त्व असं: स्वतःच्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठवली आणि ती बाहेर पडून नुकसान झालं, तर हयगय नसली तरी साठवणारा जबाबदार. घटना अशी: शेजाऱ्याचं शेततळं फुटलं, खालच्या रानातलं पीक वाहून गेलं, तळं मात्र नीट बांधलेलं होतं. मी बिनधास्त 'जबाबदार नाही' लिहिलं, कारण आमच्या ऑफिसातल्या अशाच एका दाव्यात सगळा वाद हयगयीवरच चालला होता. उत्तर चुकलं. संध्याकाळी साहेबांना दाखवलं. त्यांनी १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला निकाल समजावला. तिथंही पाण्याचा साठा फुटून शेजारच्या खाणीत पाणी शिरलं होतं. मग दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं त्याच्याही पुढं जाऊन धोकादायक उद्योगांवर पूर्ण जबाबदारी कशी टाकली, तेही सांगितलं. त्या दिवसापासून कोर्टात पाहिलेलं बाजूला ठेवून आधी समोरचं तत्त्व दोनदा वाचायची सवय लावली.

इंग्रजीनं मात्र रडवलं. वर्षानुवर्षं इंग्रजी अर्ज टाइप केलेले, पण बोटांना येत होतं ते डोक्याला येत नव्हतं. मग रोज टाइप करताना अडलेले पाच शब्द वहीत लिहायला लागले. एप्रिलपर्यंत दोन वह्या भरल्या. सराव पेपरात ७१ पासून ९८ पर्यंत पोचले, त्यात निम्मी वाढ या वह्यांची.

परीक्षा ठीक झाली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. खरी अडचण पुढं आली, ती कागदांची.

कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, अर्ज मी आधारवरच्या, म्हणजे सासरच्या नावानं भरला. बी.ए.च्या गुणपत्रिका आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचे. ऑनलाइन छाननीत अर्ज परत आला: नावात तफावत, पुरावा जोडा. आमच्या लग्नाची नोंदणीच झाली नव्हती. लग्न माहेरी झालेलं, त्यामुळे नोंदणी तिथल्या ग्रामपंचायतीत. हातात चार दिवस. ह्यांनी रजा काढली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रंकेतून २००९ ची लग्नपत्रिका शोधून काढली, हळदीचे डाग तसेच होते. तीन साक्षीदार लागतात, ते चुलत्यांमुळे लगेच मिळाले. पण लग्न लावणारे भटजी वारलेले, त्यांची सही आणायची कुठून? शेवटी त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं आणि ग्रामसेवकांनी ते घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखला हातात आला, रात्री अपलोड केला.

नॉन-क्रीमीलेअरचाही, म्हणजे राखीव जागेसाठी घर सधन गटात मोडत नाही असं सांगणाऱ्या दाखल्याचाही, असाच घोळ. सेतूत मला ह्यांच्या उत्पन्नाचे कागद मागितले. लग्न झालेल्या बाईचं क्रीमीलेअर तिच्या आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या नाही. हे तिथं तीनदा सांगावं लागलं, तेव्हा नानांच्या कागदांवर अर्ज घेतला. माझ्यासारख्या किती जणी पहिल्याच 'नाही'वर घरी परत जात असतील, या विचारानं फार वाईट वाटलं. म्हणून बायांनो, पुस्तक घ्यायच्या आधी विवाह नोंदणीचा दाखला काढा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तीही बघा.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना पुतण्या म्हणाला, "काकी, मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज पहिलं टाका, १८५५ सालचं आहे." मोह झाला. पण मुलगी आणि नोकरी सोडून मी मुंबईला राहू शकणार नव्हते, आणि जिथं जाता येणार नाही ते कॉलेज यादीत घालायचंच कशाला? एस.टी.नं रोज जाऊन येता येईल अशीच कॉलेजं टाकली, त्यात सकाळचं वेळापत्रक असलेली वर. दुसऱ्या फेरीत नंबर लागला.

आता दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते, त्यामुळे पावणेसातची गाडी चुकवून चालत नाही. दुपारी अडीचला ऑफिसात पोचते. साहेबांनी सकाळच्या टायपिंगसाठी एक मुलगी ठेवली आहे. बी.कॉम. झालीय, आणि तिचं लग्न ठरलंय. माझ्या फायलीतल्या कागदांची यादी तिनं गेल्या आठवड्यात उतरवून घेतली.