तेओतिवाकान: पिरॅमिड बघाच, पण घरं चुकवू नका

मेक्सिको सिटीहून तेओतिवाकान या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे येणारे बहुतेक जण सूर्याचा पिरॅमिड बघतात, फोटो काढतात आणि परततात. साधारण ६५ मीटर उंचीची ती वास्तू समोर आली की थक्क व्हायला होतंच. पण हे शहर खरं उलगडतं ते त्याच्या घरांमध्ये. निदान अर्धा वेळ तेपान्तित्ला, तेतित्ला आणि आतेतेल्को या निवासी आवारांसाठी राखून ठेवा.

मधे चौक, भोवती खोल्या, एकेका आवारात अनेक कुटुंबं: आपल्या वाड्यांसारखीच रचना. अशी सुमारे २००० आवारं इथे होती आणि लाखभर वस्तीपैकी बहुतेक लोक त्यांतच राहायचे. तेपान्तित्लाच्या भिंतीवर चेंडू खेळणारी, नाचणारी, फुलपाखरांमागे धावणारी इवलीशी माणसं आहेत. काहींच्या तोंडातून वळणदार रेघ निघते, म्हणजे ती बोलताहेत किंवा गाताहेत. मी तिथून हलूच शकले नाही. आतेतेल्कोत मात्र सूर बदलतो, तिथे शस्त्रधारी योद्धे आणि कोयोटी, म्हणजे लांडग्यासारखे प्राणी.

एवढ्या चित्रांत राजा कुठेच ओळखू येत नाही. त्याच काळातले माया संस्कृतीचे राजे स्वतःची नावं आणि तारखा दगडात कोरून घेत होते. इथे देवता, पुरोहित, प्राणी, पण नाव घ्यावं असा एकही शासक नाही. इ. स. ५५० च्या सुमारास शहराला आग लागली, तीही मुख्यतः ‘मृतांचा मार्ग’ या शहराच्या मुख्य रस्त्यालगतच्या मंदिरांना आणि महालांना. म्हणून काही अभ्यासकांना यात रहिवाशांचाच उठाव दिसतो. घरं पाहिल्यावर मलाही ते पटतं.

जायचं कसं? मेट्रोने आउतोबुसेस देल नोर्ते स्थानक गाठा आणि ‘पिरामिदेस’ पाटीची बस धरा. अंतर सुमारे ५० किलोमीटर. रविवार टाळा, त्या दिवशी स्थानिकांना प्रवेश मोफत असल्याने तुडुंब गर्दी असते. सकाळी लवकर पोहोचून आधी पिरॅमिड आटपा, कारण सावली जवळजवळ नाहीच. टोपी आणि भरपूर पाणी हवंच. समुद्रसपाटीपासून उंची २३०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे दम लागतो. पिरॅमिडवर चढू देण्याचे नियम बदलत असतात, त्या भरवशावर बेत आखू नका. तेपान्तित्ला सूर्याच्या पिरॅमिडच्या मागे आहे, बाकी दोन पश्चिमेला, कुंपणाबाहेर. तिकीट जपून ठेवा आणि चित्रांवर फ्लॅश मारू नका.