थांबलेला घोडा

आज सांगलीत विश्रामबागला मैत्रिणीकडे टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते मांडले. तिला आला नाइट ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नाणंवाला घोडेस्वार. चित्रकार पामेला कोलमन स्मिथने १९०९च्या डेकमध्ये (पत्त्यांच्या संचात) चार नाइट काढलेत. तलवारवाल्याचा घोडा चौखूर उधळलेला, वाँड्सवाल्याचा (काठीवाल्याचा) मागच्या पायांवर, कपवाल्याचा संथ चालीत. हा काळा घोडा मात्र जागचा हलत नाही. पुस्तकी अर्थ: चिकाटी, नाहीतर रटाळपणा. (रटाळ? मला नाही पटत. तो हातातलं नाणं न्याहाळतोय!)

तिच्या सासूबाईंनी, ज्यांची हयात हळदीच्या रानात गेली, पत्त्यातली मागची नांगरट बरोबर हेरली. "रान तयार हाय की. पावसाची वाट बघत असंल त्यो."

मैत्रिणीला नोकरी सोडून उद्याच दुकान टाकायचंय. भविष्य मी सांगत नाही, एवढंच विचारलं, "भांडवल मोजलंस का गं?" सासूबाई लगेच वही घेऊन बसल्या.