काचेवर दिसतं ते प्लेटमध्ये नसतं

गेल्या श्रावणात आईच्या कफाचा नमुना मीच जंतू वाढवायच्या प्लेटवर लावला. बावीस वर्षं सांगलीतल्या लॅबमध्ये हेच काम करते, पण डबीवर तिचं नाव लिहिताना हात जड झाला. तरुणपणी तिला टीबी होऊन गेला, त्यात फुप्फुसातल्या श्वासनळ्या रुंदावून ढिल्या पडल्या. डॉक्टरी भाषेत ब्रॉन्किएक्टेसिस. कफ तिथं साचतो आणि साचलेल्या कफात जंतू घर करतात.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला आणि वासानंच कळलं. स्युडोमोनास नावाच्या जंतूला द्राक्षासारखा गोडसर वास येतो, आणि द्राक्षाचा वास सांगलीकराला शिकवावा लागत नाही. प्लेटमधलं अगार, म्हणजे जंतूंचं खाद्य असलेली जेली, हिरवट झालं होतं, वसाहती शेंबडासारख्या बुळबुळीत.

छातीच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. २५० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीनदा, सहा महिने. मला राहवलं नाही. "डॉक्टर, स्युडोमोनासला हे लागूच पडत नाही. कुठलं औषध चालेल ते बघायला प्लेटवर औषधाच्या चकत्या लावतो, त्यात आम्ही याची चकतीसुद्धा लावत नाही."

"ताई, तुमच्या प्लेटमध्ये आईच्या पांढऱ्या पेशी असतात का?"

नसतात. त्याच नमुन्याची ग्रॅमच्या रंगानं रंगवलेली काच मी आदल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. गुलाबी काड्यांसारखे जंतू आणि त्यांच्या भोवती खच पडावा तशा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. रिपोर्टात आम्ही 'पस सेल्स भरपूर' एवढंच लिहितो. प्लेटवर मात्र जंतू आणि औषध दोघंच, झुंजायला तिसरं कुणी नाही.

मग मी वाचत बसले. जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस नावाचा श्वासनळ्यांचा आजार आहे. १९७०च्या दशकात त्यात पाच वर्षं जगणारे रुग्ण ६३ टक्के होते. टोकियोच्या शोजी कुदो यांच्या पाहण्यात एक रुग्ण आला, अनपेक्षितपणे सुधारलेला. गावाकडच्या डॉक्टरांनी त्याला दोन वर्षांहून जास्त काळ रोज फक्त ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन दिलं होतं, अझिथ्रोमायसिनच्याच कुळातलं औषध. नेहमीचा डोस १ ते २ ग्रॅमचा. कुदोंनी तेच इतरांना दिलं, आणि १९८५नंतरच्या रुग्णांत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९१ टक्क्यांवर गेलं. त्या रुग्णांच्या कफातही स्युडोमोनास असायचा, ज्याला हे औषध एवढ्याशा मात्रेत मारूच शकत नाही.

मारत नाही, पण पांगळं करतं. स्युडोमोनास स्वतःभोवती चिकट थर विणतो, एकमेकांना रासायनिक निरोप धाडतो. थोडंसं औषध हे दोन्ही ढिलं करतं, आणि उघड्या पडलेल्या जंतूला गिळणं पेशींना सोपं जातं. शिवाय अझिथ्रोमायसिन न्यूट्रोफिलच्या पोटात रक्तातल्या प्लाझ्मापेक्षा शेकडो पट साठतं, म्हणजे पेशीच ते पाठीवर घेऊन जखमेपर्यंत पोचवते. सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलेली गोष्ट तर आमच्या धंद्यालाच हात घालते. नेहमीच्या लॅबमधल्या माध्यमात निकामी ठरणारं हे औषध शरीरातल्या पेशी वाढवायच्या माध्यमात स्युडोमोनासला मारतं, आणि न्यूट्रोफिलमधलं एलएल-३७ हे जंतुनाशक प्रथिन सोबत असेल तर आणखी जोरानं. एलएल-३७ जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्याला भोकं पाडतं, त्यातून औषध आत शिरतं.

हे शेजारच्या काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी पण अर्धी गोळी घेत जाऊ?" काकू, अजिबात नाही! अपुऱ्या डोसात तगलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि ते मी रोज प्लेटवर बघते. आईला गोळी सुरू करण्याआधी ईसीजी झाला, कान तपासले, टीबीच्या भावकीतले दुसरे जंतू नाहीत ना म्हणून कफ पुन्हा पुन्हा पाहिला. ते असते आणि ही एकटी गोळी दिली असती, तर त्यांच्यावरचं मुख्य औषधच हातचं गेलं असतं.

तिसऱ्या महिन्यात आईचा नमुना परत लावला. द्राक्षाचा वास आलाच, स्युडोमोनास अजून आहे. पण काचेवर पस सेल्स शोधाव्या लागल्या, आणि डबीत कफ जेमतेम चमचाभर होता. सकाळी उठल्यावर तेवढाच पडतो म्हणाली.